महूचा डीलक्स रिव्हर्ब: एका जुन्या ट्यूब ॲम्पची तपासणी आणि खरेदी

खरेदीदार इंदूरच्या सुदामा नगरातला गिटारवादक. घरीच शिकवण्या घेतो आणि एका खोलीत छोटंसं रेकॉर्डिंग चालतं. विक्रेत्या महूच्या कॅन्टोन्मेंट भागात राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका. त्यांचे यजमान व्यापारी जहाजावर नोकरीला होते आणि सत्तरच्या दशकात त्यांनी अमेरिकेहून एक फेंडर ॲम्प आणला होता. यजमान गेल्यावर तो कोपऱ्यात चादरीखाली पडून होता. मागितलेली किंमत १,६०,००० रुपये. सौदा ९८,००० ला झाला. मधल्या ६२,००० रुपयांचा हिशेब या प्रकरणात मांडला आहे. जुना अमेरिकन ट्यूब ॲम्प भारतात घेताना नेमकं काय बघायचं, ते त्या हिशेबातून आपोआप कळतं.

एक गोष्ट आधीच सांगतो. ट्यूब (म्हणजेच व्हॉल्व्ह, सिग्नल मोठा करणाऱ्या काचेच्या नळ्या), कपॅसिटर, वायरी, नॉब, कापड हे सगळं झिजणारं आणि बदलता येणारं सामान आहे. ॲम्पची खरी किंमत तीन ठिकाणी असते: ट्रान्सफॉर्मर, स्पीकर आणि कुणी हात न लावलेला सर्किट बोर्ड. आपल्याकडे २३० व्होल्ट, तिकडे १२० व्होल्ट. त्यामुळे या तिघांत सर्वांत आधी मरतो तो पॉवर ट्रान्सफॉर्मर, म्हणून चौकशीही तिथूनच सुरू करायची.

शोध

इंदुरात जुन्या ॲम्पचं दुकान असं काही नाही. असे ॲम्प निघतात ते जुन्या ऑर्केस्ट्रावाल्यांच्या घरातून, चर्चच्या स्टोअररूममधून, हॉटेलांत वाजवणाऱ्या बँडवाल्यांकडून, लष्करी मेसमधून किंवा परदेशात नोकरी केलेल्या माणसांच्या घरातून. या खरेदीदाराने रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांना आणि माईक भाड्याने देणाऱ्यांना सांगून ठेवलं होतं. पहिल्यांदा हाती आले ते अहुजाचे जुने व्हॉल्व्हचे पीए ॲम्प्लिफायर. मजबूत वस्तू, पण ती सभा-समारंभासाठी बनवलेली. आउटपुट लांबच लांब तारेवरच्या भोंग्यांसाठी १०० व्होल्ट लाइनचं, आणि गिटारला लागणारा टोन विभाग नाही. त्यातून गिटारचा ॲम्प बनवता येतो, पण तो वेगळा उद्योग आहे आणि त्याची किंमतही वेगळीच लावायला हवी. ‘ट्यूब गिटार ॲम्प’ म्हणून कुणी तो गळ्यात मारत असेल, तर नमस्कार करून निघावं.

महूचा पत्ता मिळाला तो एका निवृत्त हवालदारांकडून. लष्कराचं दूरसंचार अभियांत्रिकीचं महाविद्यालय महूलाच आहे. त्यामुळे त्या भागात व्हॉल्व्हवर हात बसलेली जुनी माणसं अजून भेटतात. हे हवालदार सिग्नल कोअरमध्ये होते आणि तपासणीच्या वेळी ते सोबत आले. घरी मीटर असलेल्या कुणाहीपेक्षा असा माणूस बरोबर असणं जास्त मोलाचं. ४५० व्होल्ट उघड्यावर असताना कुठे हात घालायचा नाही, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं.

विचारपूस

ॲम्पला हात लावण्याआधी बसून बोलणं झालं. यातला एक भाग जसाच्या तसा देतो, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

‘काकू, हा काकांनी आणला तेव्हा याच्यासोबत आणखी काही होतं का? एखादा जड लोखंडी डबा, त्याला वेगळीच पिन?’

‘होता ना. हे त्यालाच लावायचे आधी. घर आवरलं तेव्हा कबाडीवाल्याला देऊन टाकला. तो याचाच आहे, मला काय ठाऊक?’

‘मग त्यानंतर कुणी चालवला?’

‘पुतण्यानं दिवाळीत लावून पाहिला, सरळ भिंतीत. धूर निघाला रे. मग त्यानंच कुठून तरी नीट करून आणला. आता चालतो.’

तो लोखंडी डबा म्हणजे २३० चं ११५ करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर. तो गेला, ॲम्प थेट भिंतीत लागला आणि त्याच्या पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या १२० व्होल्टच्या प्रायमरीवर, म्हणजे वीज आत घेणाऱ्या गुंडाळीवर, २३० व्होल्ट आले. असं झालं की ट्रान्सफॉर्मरच्या सगळ्याच वाइंडिंगवर जवळपास दुप्पट व्होल्टेज येतं. ट्यूब तापवणाऱ्या ६.३ व्होल्टच्या हीटरवर १२ च्या पुढे, हाय व्होल्टेजच्या बाजूला दुप्पट. गाभा संपृक्त होतो, प्रायमरी बेसुमार करंट ओढते आणि फ्यूज बरोबर असेल तर तो लगेच उडून बाकी सगळं वाचवतो. फ्यूज चुकीचा असेल तर वाइंडिंग जळतं. म्हणून ‘धूर निघाला’ हे ऐकल्यावर पुढचा प्रश्न फ्यूजचाच असतो.

मागच्या पॅनेलवरचा फ्यूज होल्डर उघडला तर आत सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेला फ्यूज. मूळ रेटिंग १२० व्होल्टला २ ॲम्पिअर, स्लो-ब्लो. २३० व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरसाठी तो निम्मा म्हणजे १ ॲम्पिअर स्लो-ब्लो हवा, कारण तेवढीच वीज निम्म्या करंटमध्ये येते. ‘नीट करून आणला’ म्हणजे ट्रान्सफॉर्मर बदलला किंवा पुन्हा गुंडाळला असणार, हा अंदाज इथेच बांधला गेला.

ओळख आणि तारीख

बाहेरून ॲम्प स्पष्ट होता: चंदेरी पॅनेल, निळी अक्षरं, एक १२ इंची स्पीकर, २२ वॅटचा डीलक्स रिव्हर्ब. सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीने १९६५ मध्ये फेंडर कंपनी विकत घेतली आणि १९६८ पासून हे चंदेरी पॅनेल आलं. त्याआधीच्या काळ्या पॅनेलच्या ॲम्पना जास्त भाव मिळतो, पण डीलक्सच्या सर्किटमध्ये दोघांत फारसा फरक नाही. वाजवण्यासाठी घेणाऱ्याने चंदेरीच शोधावा. नावाचा जादा भाव द्यावा लागत नाही.

तारीख काढायची ती सामानावरच्या आकड्यांवरून. पॉटच्या (नॉबने फिरणाऱ्या रेझिस्टरच्या) मागे १३७-७३१८ होतं. १३७ म्हणजे सीटीएस ही बनवणारी कंपनी, आणि ७३१८ म्हणजे १९७३ चा १८ वा आठवडा. स्पीकरच्या कडेवर ४६५-३१९: ४६५ म्हणजे ऑक्सफर्ड, १९७३ चा १९ वा आठवडा. स्पीकरवर दशकाचा आकडा नसतो, तो पॉटवरून आणि पॅनेलवरून ठरवायचा. आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर ६०६-३१६, म्हणजे शूमाकर, त्याच वर्षाचा १६ वा आठवडा. सगळ्यांत उशिराची तारीख धरायची. ॲम्प त्याआधी बनलेला असूच शकत नाही. इथे तिन्ही आकडे तीन आठवड्यांत बसतात, म्हणजे स्पीकर आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर मूळचे.

पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या काळ्या टोपीवरही ६०६ चा शिक्का होता, तोही १९७३ चाच. फसगत होते ती इथे. टोपी जुनी असली तरी आतलं तांबं नवं असू शकतं. वाइंडिंग करणारे कारागीर मूळ गाभा आणि टोप्या तशाच वापरतात, फक्त तांब्याची गुंडाळी नवी करतात. नुसता शिक्का बघून पैसे मोजणारे इथेच फसतात.

खात्री करायची ती तारांवरून. फेंडरच्या त्या काळातल्या ट्रान्सफॉर्मरमधून प्रायमरीच्या काळ्या, हाय व्होल्टेजच्या लाल, मधल्या टॅपची लाल-पिवळी, हीटरच्या हिरव्या आणि रेक्टिफायरच्या पिवळ्या तारा निघतात. इथे सगळ्या तारा आजच्या पीव्हीसीच्या, त्यावर पिवळ्या रंगाची स्लीव्ह चढवलेली. टोप्यांच्या स्क्रूंच्या डोक्यांवर पकडीचे ताजे ओरखडे होते, आणि दोन टोप्यांच्या सांध्यातून नव्या वार्निशचा थेंब ओघळून वाळला होता. काकूंनी हे लपवलं नव्हतं, त्यांना ते माहीतच नव्हतं.

वीज न लावता केलेल्या चाचण्या

मागची पट्टी काढून चार लांब स्क्रू सोडवले की चेसिस (सगळे भाग बसवलेला पत्र्याचा सांगाडा) खाली उतरते. फिल्टर कपॅसिटर चेसिसच्या दुसऱ्या बाजूला पत्र्याच्या झाकणाखाली असतात: १६ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टचे पाच. झाकण उघडण्याआधी ते रिकामे करायचे. क्रोकोडाइल क्लिपची एक तार घ्यायची, एक टोक चेसिसला, दुसरं पहिल्या प्रीॲम्प ट्यूबच्या सॉकेटच्या एक नंबर पिनला लावायचं. मध्ये १०० किलोओमचा प्लेट रेझिस्टर असल्यामुळे ठिणगी न पडता एक-दोन मिनिटांत चार्ज उतरतो. मग मीटरने १० व्होल्टच्या खाली आल्याचं बघूनच हात घालायचा.

फिल्टर कपॅसिटरच्या टोकांना फुगवटे आणि पांढरी पूड होती. बदलायचेच, त्यावर वेळ घालवला नाही.

बोर्ड मात्र अस्पर्श होता. जुनं सोल्डर एकसारखं मळकं, कुठेही नवा चमकता ठिपका नाही. ही या ॲम्पमधली सर्वांत चांगली बातमी होती. एक सांगायला हवं: या काळातल्या फेंडरचा काळा फायबर बोर्ड पावसाळ्यात ओल धरतो आणि थोडीशी वीज वाहू लागतो. मग ट्यूब बदलूनही करकर जात नाही. चाचणी सोपी. ॲम्प चालू असताना मीटरचं काळं टोक चेसिसला, लाल टोक बोर्डच्या रिकाम्या जागेवर, कुठल्याही आयलेटपासून (सोल्डरच्या टोकापासून) दूर टेकवायचं. शून्याजवळ हवं, पाच-दहा व्होल्ट दिसले तर बोर्ड ओला आहे. इथे नंतर मोजलं तेव्हा अर्ध्या व्होल्टच्या आत होतं.

आउटपुट ट्रान्सफॉर्मर वाचला आहे का, हा खरा प्रश्न होता. तो गेला असता तर ॲम्पचा आवाजच गेला असता. आधी ट्यूब काढून प्रायमरीचे दोन्ही अर्धे मोजले: १४२ आणि १५५ ओम. एवढा फरक बिघाडाचा नाही. बाहेरच्या थराला तार जास्त लागते म्हणून तो येतोच. पण रेझिस्टन्सवरून आतले दोन-चार वेटोळे शॉर्ट झालेले कळत नाहीत. त्यासाठी गुणोत्तर बघायचं. दोन्ही प्लेटच्या टोकांना छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून ६.३ व्होल्ट एसी दिले आणि स्पीकर काढून सेकंडरीवर, म्हणजे स्पीकरकडच्या गुंडाळीवर, मोजलं. सुमारे ६,६०० ओमचं ८ ओम करायचं तर वेटोळ्यांचं गुणोत्तर २८.७ येतं, म्हणजे ०.२२ व्होल्ट दिसायला हवेत. ०.२२ च दिसले. शॉर्ट वेटोळी असती तर व्होल्टेज खाली बसलं असतं आणि छोटा ट्रान्सफॉर्मर गरम झाला असता.

स्पीकरची कॉइल ६.४ ओम, म्हणजे ८ ओमच्या स्पीकरला योग्य. कोनला एका बाजूला जुनं कागदी ठिगळ. बोटांनी हलके दाबून कॉइल घासत नाही हे बघितलं.

रिव्हर्बच्या टाकीचं इनपुट ०.८ ओम आलं, बरोबर. आउटपुट मात्र उघडं, म्हणजे जोडणी कुठेतरी तुटलेली. तिथे २०० ओमच्या आसपास हवं. टाकी उघडल्यावर कारण डोळ्यांनीच दिसलं: ट्रान्सड्यूसरकडून सॉकेटकडे जाणारी केसाएवढी तार टाक्यापाशी तुटलेली. स्प्रिंगा शाबूत. हे काम सोल्डरचं, पैशांचं नाही.

आणि मेन्सची वायर. तीन तारांची मूळ केबल होती, पण तिला दोन पिनचा प्लग लावून हिरवी तार कापलेली. त्यातच मागचा ‘ग्राउंड’ स्विच आणि त्याला जोडलेला ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जिवंत. हा कपॅसिटर मेन्सची एक तार आणि चेसिस यांच्या मध्ये बसतो. तो शॉर्ट झाला तर चेसिस, गिटारच्या तारा आणि वाजवणाऱ्याचा हात, सगळं थेट लाइनवर. १२० व्होल्टवर तो धोका होता, २३० वर तो जीव घेऊ शकतो. घेणार असाल किंवा नसाल, हा कपॅसिटर काढल्याशिवाय ॲम्पला गिटार लावू नका. तिसरा धोका कुणाच्या लक्षात येत नाही: फेंडरच्या मागे दुसरं उपकरण लावायला एक अमेरिकन पद्धतीचं सॉकेट असतं. ट्रान्सफॉर्मर २३० चा झाला की त्या सॉकेटमध्येही २३० येतात. त्याच्या तारा सोडवून टोकं बंद करून टाकावीत.

वीज लावून

मालिकेत १०० वॅटचा पिवळा बल्ब लावलेला बोर्ड सोबत नेला होता; ॲम्पमध्ये शॉर्ट असेल तर बल्ब प्रखर पेटतो आणि करंट अडवतो. एलईडी चालत नाही, तारेचाच बल्ब हवा. आधी ग्राउंडचा कपॅसिटर कापला, केबलला तीन पिनांचा प्लग लावून अर्थ जोडली. ज्या भिंतीत लावायचं तिथली अर्थ खरी आहे का, तेही बघितलं: फेज आणि अर्थमध्ये मीटर लावल्यावर फेज-न्यूट्रलएवढंच व्होल्टेज यायला हवं. जुन्या घरांत बरेचदा येत नाही.

रेक्टिफायर ट्यूब (एसीचं डीसी करणारी, इथे जीझेड३४) काढून चालू केला. बल्ब मंद. म्हणजे ट्रान्सफॉर्मर शॉर्ट नाही. मग जीझेड३४ बसवून पुन्हा चालू केला. बल्ब किंचित उजळून खाली बसला, आवाज आला. त्यानंतर बल्ब काढून थेट लाइनवर. त्या संध्याकाळी महूला लाइन २३८ व्होल्ट होती.

हीटरवर ६.९ व्होल्ट. ६.३ च्या दहा टक्के वर, म्हणजे अगदी कडेला. ६व्ही६ या पॉवर ट्यूबच्या प्लेटवर ४५५ व्होल्ट, जिथे फेंडरच्या सर्किटच्या नकाशात ४१५ लिहिलेले आहेत. प्लेटचा करंट काढायला आउटपुट ट्रान्सफॉर्मरच वापरला. प्रत्येक अर्ध्यावर पडणारं व्होल्टेज भागिले त्याचा रेझिस्टन्स. क्लिपा वीज बंद असताना लावायच्या, मगच चालू करायचं, कारण दोन्ही टोकांवर साडेचारशे व्होल्ट असतात. १५५ ओमच्या बाजूला ५.९ व्होल्ट म्हणजे ३८ मिलिॲम्पिअर. १४२ च्या बाजूला ४.१ म्हणजे २९. गुणाकार केला तर एका ट्यूबवर १७ वॅटच्या वर, दुसरीवर १३. ६व्ही६ ची मर्यादा जुन्या जीटी प्रकाराला १२ आणि नव्या प्रकारांना १४ वॅट. खोलीतला दिवा बंद केला तेव्हा त्यातल्या एका ट्यूबच्या प्लेटवर शिवणीच्या कडेला अंधुक लाल पट्टा दिसला. तीच १७ वॅटवाली. ती सोव्हिएत ६पी६एस होती आणि शेजारची जुनी अमेरिकन. जोडी जुळवलेली नव्हतीच, मिळेल ती घालून दिली होती.

कारण सरळ होतं. वाइंडिंग करणाऱ्याने प्रायमरी २२० व्होल्टला धरून गुंडाळली. सेकंडरीचे आकडे बरोबर होते, ३३०-०-३३० च्या जवळ, पण ते लाइन २२० असेल तर. लाइन २३८ झाली की सगळंच आठ टक्क्यांनी वर जातं. पॉवर ट्यूब काढून मोजलं तेव्हा पहिल्या कपॅसिटरांवर ५०० च्या वर व्होल्टेज गेलं, आणि कपॅसिटर ४५० चे. पुतण्याच्या हातून हा ॲम्प आणखी काही महिने चालला असता तर पुढचा धूर कपॅसिटरचा निघाला असता आणि कदाचित आउटपुट ट्रान्सफॉर्मरही घेऊन गेला असता.

कारागिराला दोष देण्यात मात्र अर्थ नाही. अमेरिकन ट्रान्सफॉर्मर ६० हर्ट्झचे असतात. आपल्या ५० हर्ट्झला त्याच गाभ्यावर साधारण २० टक्के जास्त वेटोळी लागतात, नाहीतर गाभा गुणगुणतो आणि तापतो. त्याने ती घातली होती. तासभर चालू ठेवूनही टोपीवर हात टिकत होता. काम प्रामाणिक होतं, फक्त लाइनचा आकडा कमी धरला होता.

विक्रेत्या म्हणाल्या होत्या की थरथर करणारा इफेक्ट चालत नाही. तो चालत होता. या मॉडेलमध्ये फूटस्विच लावला नसेल तर ट्रेमोलो बंदच राहतो. आतून शॉर्ट केलेला आरसीए प्लग मागच्या सॉकेटमध्ये घातला की चालू. मूळ फूटस्विच हरवला होता. असा प्लग खिशात ठेवावाच, ‘बिघडलेला’ ट्रेमोलो पुष्कळदा एवढ्यानेच बरा होतो.

किंमत

१,६०,००० हा आकडा पुतण्याने इंटरनेटवरच्या अमेरिकन जाहिरातीवरून काढला होता. जाहिरातीतली किंमत म्हणजे मागितलेली किंमत, मिळालेली नव्हे. शिवाय ती पूर्ण मूळ स्थितीतल्या, चालणाऱ्या ॲम्पची. खरेदीदाराने कागदावर काकूंसमोर हिशेब मांडला आणि प्रत्येक ओळीला मीटरवरचा आकडा दाखवला.

नवा २३० व्होल्टचा पॉवर ट्रान्सफॉर्मर, हॅमंडसारख्या कंपनीचा, कुरिअर आणि कस्टम धरून: २४,०००. ट्यूबचा पूर्ण संच, म्हणजे जुळवलेली ६व्ही६ ची जोडी, चार १२एएक्स७, दोन १२एटी७ आणि एक जीझेड३४: १७,०००. जास्त हीटर व्होल्टेजवर चाललेल्या जुन्या ट्यूबवर भरवसा ठेवता येत नाही. फिल्टर, बायस (ट्यूबचा स्थिर करंट ठरवणारा विभाग) आणि कॅथोडचे सगळे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, नवी मेन्स केबल, मजुरी: ६,०००. एकूण ४७,०००. उरले १,१३,०००. त्यातून मूळ ट्रान्सफॉर्मर कायमचा गेल्याबद्दल आणि फूटस्विच नसल्याबद्दल पंधरा हजार. ९८,०००.

इथे खरेदीदाराचं वागणं महत्त्वाचं. त्याने हेही सांगितलं की सगळं काम करून, वाजवून दाखवून विकला तर याला जास्त पैसे येतील, आणि काकूंना थांबायचं असेल तर दुरुस्तीला तो मदत करेल. समोरच्याला वस्तूची माहिती नसताना फक्त दोष मोजून दाखवायचे आणि गुण गिळायचे, हा सौदा नव्हे, लूट आहे. काकूंनी पुतण्याला फोन केला आणि तिथेच होकार दिला. रक्कम यूपीआयच्या एक लाखाच्या मर्यादेत एकदाच गेली. साध्या कागदावर पावती झाली: मॉडेल, सीरियल नंबर, ‘पॉवर ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळलेला’ हा स्पष्ट उल्लेख, दोन्ही सह्या. पुढे कधी विकायचा झाला तर ही ओळ त्याच्याच उपयोगाची.

इंदूरला नेताना ट्यूब काढून वर्तमानपत्रात स्वतंत्र गुंडाळल्या, कुठली कुठल्या सॉकेटची ते लिहून. ॲम्प उभाच ठेवला. वजन १९ किलोच्या आसपास, पण सगळं लोखंड वरच्या चेसिसला टांगलेलं असतं, त्यामुळे आडवा ठेवला की स्क्रूंवर चुकीचा ताण येतो.

घरी आल्यावर

नवा ट्रान्सफॉर्मर मागवायचा की नाही, हा प्रश्न उरला. खरेदीदाराने घाई केली नाही, आणि ते योग्यच केलं. गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर थंड चालत होता, त्याला फक्त कमी लाइन व्होल्टेज हवं होतं. महाराणी रोडच्या बाजारातून १२-०-१२ व्होल्ट, २ ॲम्पिअरचा साधा ट्रान्सफॉर्मर आणला. त्याची प्रायमरी लाइनवर, आणि दोन टोकांतले २४ व्होल्ट ॲम्पच्या फेज तारेत मालिकेत, उलट्या दिशेने. मधला टॅप उष्णतेने आकसणाऱ्या स्लीव्हने बंद. ॲम्प अर्ध्या ॲम्पिअरच्या आसपास ओढतो, म्हणून २ ॲम्पिअर भरपूर झाले. सगळं अर्थ केलेल्या पत्र्याच्या डब्यात, १ ॲम्पिअरच्या फ्यूजसह.

यात एकच चूक होऊ शकते आणि ती महाग पडते: सेकंडरीची दोन टोकं उलटी लागली तर २४ व्होल्ट वजा होण्याऐवजी मिळवले जातात आणि २४० चे २६४ होतात. म्हणून आधी ॲम्प न लावता ६० वॅटचा बल्ब लावून मोजायचं. २१६ दिसले तर बरोबर, २६४ दिसले तर टोकं बदलायची. सेकंडरी इथे मेन्सशी जोडलेली असते, तेव्हा तिला ‘बारा व्होल्ट’ समजून हात लावू नये.

नव्या ट्यूब आणि कपॅसिटर घालून घेतलेले आकडे: लाइन २४०, डब्यानंतर २१६, हीटरवर ६.२, प्लेटवर ४१२. पहिल्या दोन जागी ५०० व्होल्टचे कपॅसिटर घातले. कॅथोड आणि चेसिसच्या मध्ये १ ओमचे रेझिस्टर टाकले की एक मिलिव्होल्ट म्हणजे एक मिलिॲम्पिअर वाचता येतो. बायस पॉटने दोन्ही ट्यूब २२ मिलिॲम्पिअरवर आणल्या, म्हणजे सुमारे ९ वॅट, १४ च्या दोन-तृतीयांशाच्या थोडं आत. त्या काळातल्या बऱ्याच चंदेरी फेंडरमध्ये हा पॉट फक्त दोन ट्यूबमधला तोल साधतो, पातळी बदलत नाही. तसं असेल तर शेजारचा रेझिस्टर बदलावा लागतो. इथे पॉट पातळीचाच होता.

चार-पाच तास वाजवल्यावर बायस पुन्हा मोजला, कारण नव्या ट्यूब सुरुवातीला सरकतात. एक २३ वर गेली होती, दुसरी तिथेच. रिव्हर्बची तार सोल्डर केली, आउटपुट २०१ ओम. ठिगळ लावलेला ऑक्सफर्ड स्पीकर तसाच ठेवला आहे. २४,००० अजून खर्च झालेले नाहीत. दर पावसाळ्यानंतर ट्रान्सफॉर्मरच्या टोपीचं तापमान आणि बोर्डवरचं व्होल्टेज मोजायचं, आणि टोपी तासाभरात हाताला असह्य झाली तरच नवा मागवायचा, असं ठरलं आहे.